श्वापद, पण खुरांचं

आमच्या हॉस्टेलच्या लॅनवर एक फोल्डर होता. तो कुणी टाकला हे कुणालाच माहीत नव्हतं, पण प्रत्येक बॅच तो पुढच्या बॅचसाठी मागे ठेवून जायची. त्यात बीबीसीची ‘वॉकिंग विथ बीस्ट्स’ ही मालिका होती, सहाच्या सहा भाग. सबमिशनच्या आदल्या रात्री, फाईल पूर्ण करायची सोडून, मी दुसरा भाग लावला. समुद्रकिनारा, मोठाली कासवं, आणि त्यांच्यावर चालून येणारं एक प्रचंड जनावर. तोंड लांडग्याचं, अंग अस्वलापेक्षा थोराड, जबडा असा की कासवाच्या पाठीचं काही खरं नाही. मग माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं आणि मी व्हिडिओ थांबवला. पायांना खूर होते.

त्या जनावराचं नाव अँड्र्यूसार्कस. मालिकेतलं त्याचं शरीर एका लुप्त कुळाच्या साच्यावर घडवलेलं होतं. मेसोनिकिडी हे ते कुळ. आज वाघ-लांडगे करतात ते काम वाघ-लांडगे यायच्या कितीतरी आधी करणारी, मांस खाणारी, पण पायाच्या बोटांना छोटे खूर असलेली ही जनावरं. ते खूर डोक्यातून गेले नाहीत. नोकरी लागल्यावर, रात्री बिल्ड चालू असताना वेळ काढायला, मी या कुळाबद्दल मिळेल ते वाचत गेले. अलीकडे ती मालिका पुन्हा पाहिली, या वेळी फोनवर, तुकड्यातुकड्यांत. आणि पहिल्यांदा जितकी आवडली होती तितकाच तिचा राग आला. तो राग नेमका कशाचा, हे सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

आधी शब्दाची एक गंमत. मराठीत हिंस्र जनावराला ‘श्वापद’ म्हणतात. ‘श्वा’ म्हणजे कुत्रा, ‘पद’ म्हणजे पाय. कुत्र्यासारखे पाय असलेलं ते श्वापद. कुणीतरी फार पूर्वी बरोबर निरीक्षण केलं होतं: मांस खाणाऱ्यांचे पाय मऊ गादीचे आणि नख्यांचे असतात, गवत खाणाऱ्यांचे खुरांचे. मेसोनिकिड या शब्दाच्या बाहेर उभे आहेत. उभे राहायचे कुत्र्यासारखेच, बोटांवर भार देऊन, टाच वर. पण बोटांच्या टोकांना गादी-नखीच्या जागी खूर.

‘मांसाहारी’ या आपल्या दुसऱ्या शब्दाची अडचण वेगळी आहे. मराठीत तो दोन कामं करतो: आहार सांगतो आणि प्राण्यांचा एक गणही सांगतो. त्या गणात कुत्रा, मांजर, अस्वल, मुंगूस, सील येतात. बांबू खाऊन जगणारा पांडाही त्याच गणात, आणि आयुष्यभर हाडं फोडणारा मेसोनिकिड मात्र बाहेर. एकाच व्हेरिएबलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्या की जे होतं तेच इथेही होतं. वर्तमानपत्रांतल्या विज्ञान-सदरांत ‘मांसाहारी प्राण्यांचे पूर्वज’ असं वाचलं की मी आता थांबते आणि विचारते, कुठल्या अर्थाने?

कुळाचा पहिला मोठा प्राणी, मेसोनिक्स, एडवर्ड ड्रिंकर कोप या अमेरिकन संशोधकाने १८७२ मध्ये नोंदवला, वायोमिंगमधल्या हाडांवरून. जातीचं नाव त्याने ठेवलं ऑब्ट्युसिडेन्स, म्हणजे बोथट दातांचा. नावातच सगळं आलं होतं. वाघाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडात मागच्या बाजूला एक वरचा आणि एक खालचा दात कात्रीसारखे एकमेकांवर घासतात. मांस कापण्याचं ते खास हत्यार. मेसोनिकिडांकडे ती कात्री कधीच आली नाही. त्यांच्या खालच्या दाढा एका ओळीत, बाजूने दाबल्यासारख्या, आणि टोकांना बोथट. जुन्या झालेल्या जनावरांत तर पार झिजलेल्या. म्हणजे चावणं कात्रीचं कमी आणि अडकित्त्याचं जास्त. या एवढ्या सामग्रीवर ते उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियात सुमारे तीन कोटी वर्षं टिकले. डायनोसोर गेल्यानंतरच्या पॅलिओसीन काळात सुरुवात, ऑलिगोसीनच्या आरंभी आशियात शेवट. काही कोल्ह्याएवढे, मेसोनिक्स लांडग्याएवढा, पॅकिएना आणि अँकलॅगॉन यांच्यातले मोठे अस्वलाएवढे.

आपल्याकडे सह्याद्रीत यांचं हाड शोधण्यात अर्थ नाही. त्यांचा काळ सुरू होत होता त्याच सुमारास इथे लाव्हाचे थर पडत होते.

आता मालिकेतल्या त्या जनावराकडे. अँड्र्यूसार्कस म्हणून आपल्याकडे काय आहे? एक कवटी. खालचा जबडाही नाही. पाय, पाठीचा कणा, शेपूट काहीच नाही. १९२३ मध्ये अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मोहीम इनर मंगोलियात होती. वॉल्टर ग्रेंजर यांच्या चमूतला मदतनीस कान च्युएन पाओ याला इर्दिन मान्हा इथे ती सापडली. लांबी सुमारे ८३ सेंटिमीटर. मोहिमेचे प्रमुख रॉय चॅपमन अँड्र्यूज, म्हणून नाव अँड्र्यूसार्कस. शोधणाऱ्याचं नाव कुठेच नाही, हे आपल्याला नवीन नाही. जागेवर ग्रेंजरना ते एका अवाढव्य डुकरासारख्या जनावराचं डोकं वाटलं. कवटीचं चित्र न्यूयॉर्कला गेलं, तिथे मत बदललं: हा मेसोनिकिड. १९२४ मध्ये हेन्री फेअरफील्ड ऑस्बर्न यांनी त्याचं वर्णन छापलं, मेसोनिक्सचं शरीर या कवटीच्या मापात फुगवलं आणि लांबी काढली: सुमारे ३.८ मीटर.

म्हणजे कवटी खरी आणि बाकीचं डिफॉल्ट व्हॅल्यू. माहिती नसेल तिथे जवळच्या नातेवाइकाची माहिती भरा. आम्ही रोज करतो. त्यात गैर काही नाही, फक्त कुठला आकडा मोजलेला आहे आणि कुठला भरलेला हे वेगळं दिसलं पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांनी तोच भरलेला आकडा घेऊन कुणीतरी आलेख काढतं आणि मीटिंगमध्ये दाखवतं.

इथे तर नातेवाईकच चुकला असण्याची शक्यता आहे. २००९ मध्ये स्पॉल्डिंग, ओ’लिअरी आणि गेट्सी यांनी हाडं आणि डीएनए एकत्र घेऊन मोठं विश्लेषण केलं. त्यात अँड्र्यूसार्कस मेसोनिकिडांपासून दूर गेला आणि एंटेलोडॉन्ट, पाणघोडे, देवमासे यांच्या बाजूला जाऊन बसला. एंटेलोडॉन्ट म्हणजे तीच अवाढव्य डुकरासारखी जनावरं. ग्रेंजरची वाळवंटातली पहिली नजर शंभर वर्षांच्या फेरफटक्यानंतर बरोबर ठरायच्या बेतात आहे. आणि तसं असेल तर पडद्यावरचा तो लांडग्यासारखा देह, ज्याने मला सबमिशनपासून पळवलं, तो एका चुकीच्या कुळाकडून उसना घेतलेला आहे.

यावर कुणी म्हणेल, २००१ च्या मालिकेला २००९ च्या शोधासाठी कसं धरता? धरत नाही. माझी तक्रार चुकीबद्दल नाही. ती काय आहे ते कळायला देवमाशांची गोष्ट मधे घ्यावी लागेल, कारण मेसोनिकिड प्रसिद्ध झाले ते देवमाशांमुळे.

देवमासा मासा नाही हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. पण तो जमिनीवरच्या कुठल्या जनावरापासून आला, हे फार काळ कोडंच होतं. १९६६ मध्ये लेह व्हॅन व्हॅलेन यांनी सुचवलं की मेसोनिकिडांपासून. आधार दातांचा. अगदी आरंभीच्या देवमाशांच्या दाढा आणि मेसोनिकिडांच्या दाढा शेजारी ठेवा. तेच त्रिकोणी आकार, तीच एका ओळीतली टोकं. मांस खाणारं, खुरांचं, किनाऱ्यावर मासे-कासवं शोधणारं जनावर हळूहळू पाण्यात गेलं. अतिशय सुंदर कल्पना होती ही, आणि सुंदर असल्यामुळे नव्हे, तर हातातल्या पुराव्याला धरून असल्यामुळे ती तीस वर्षं टिकली. पुस्तकांत, म्युझियममधल्या तक्त्यांत, सगळीकडे देवमाशाच्या वंशावळीच्या मुळाशी खुरांचा लांडगा बसला.

प्रोग्रॅमिंगमध्ये डक टायपिंग नावाचा प्रकार असतो: बदकासारखं चालतं, बदकासारखं ओरडतं, तर बदक समजून पुढे चला. ते कोणाचं पोर आहे याची चौकशी करायची नाही. कोड चालवायला हे पुरतं. वंशावळ लावायला पुरत नाही. कारण एकच काम करणारी दोन जनावरं, एकमेकांना न विचारता, तेच दात बनवू शकतात. इंटरफेस सारखा, आतलं सगळं वेगळं.

मग नव्वदच्या दशकात डीएनएवाले आले आणि वेगळंच सांगू लागले: देवमाशाचं जवळचं नातं गाय-हरीण-डुक्कर या समखुरी जनावरांशी आहे, आणि त्यातही सगळ्यात जवळचा पाणघोडा. यातला मला सगळ्यात पटलेला पुरावा जपानमधल्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाचा. आपल्या जनुकांत काही छोटे तुकडे असे असतात जे स्वतःची नक्कल करून कुठेही जाऊन चिकटतात. कुठे चिकटतील याचा नेम नसतो. त्यामुळे दोन वेगळ्या प्राण्यांत तोच तुकडा अगदी त्याच जागी सापडला, तर तो दोघांनाही एकाच पूर्वजाकडून आला असं समजायचं. १९९७ आणि १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधांत देवमासे, पाणघोडे आणि गाई-गुरं यांच्यात असे सामायिक तुकडे दाखवले गेले. इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. दोन असाइनमेंटचं उत्तर सारखं आलं तर सर काही बोलू शकत नाहीत. पण दोन्हींत एकाच ओळीवर ‘टेम्परेचर’चं तेच चुकीचं स्पेलिंग असेल तर व्हायव्हामध्ये संपलात.

हाडंवाल्यांना मात्र हाडाचा पुरावा हवा होता, आणि त्यांचा हट्ट रास्त होता, कारण मेसोनिकिडांचा डीएनए कुठून आणणार? हाड ठरलं होतं: घोट्यातलं, ॲस्ट्रॅगॅलस. समखुरी जनावरांत या हाडाच्या वरच्या टोकाला कप्पी असते आणि खालच्या टोकालाही. दुहेरी कप्पी. बाकी सस्तन प्राण्यांत वरची असते, खालची नसते. मेसोनिकिडांतही ती नाही. म्हणजे प्रश्न सरळ झाला: आरंभीच्या देवमाशांना पाय होते, तर त्यांच्या घोट्यात दुसरी कप्पी होती का?

उत्तर सप्टेंबर २००१ मध्ये आलं, एकाच आठवड्यात दोनदा. ‘नेचर’मध्ये हान्स थेविसन आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या पंजाबमधून पाकिसेटस आणि त्याच्या भाऊबंदांची हाडं छापली. ‘सायन्स’मध्ये फिलिप गिंजरिच आणि सहकाऱ्यांनी बलुचिस्तानातून दोन जनावरांचे घोटे छापले. दोन्हीकडे दुहेरी कप्पी. गिंजरिच हे मेसोनिकिड-पक्षाचे मोठे नाव. स्वतःच्या हातात ते हाड आल्यावर त्यांनी पक्ष सोडला. माझ्या ओळखीत इतक्या सभ्यपणे कोड रिव्ह्यूमधली कमेंट मान्य करणारे फार कमी आहेत, आणि मी त्यांत नाही.

‘वॉकिंग विथ बीस्ट्स’ बीबीसीवर सुरू झाली नोव्हेंबर २००१ मध्ये. दोन महिन्यांनी.

आता तक्रार. या मालिकेच्या पहिल्या भागात अँब्युलोसेटस आहे, चालणारा देवमासा. दुसऱ्या भागात बॅसिलोसॉरस आहे, पूर्ण समुद्री झालेला देवमासा. आणि त्याच भागात किनाऱ्यावर अँड्र्यूसार्कस, तेव्हाच्या समजुतीप्रमाणे जगातला सगळ्यात मोठा मेसोनिकिड. म्हणजे वादी, प्रतिवादी दोघंही पडद्यावर हजर, आणि त्यांच्यामध्ये पस्तीस वर्षं चाललेला, त्याच शरदात निकाल लागत असलेला खटला मात्र गायब. बॅसिलोसॉरसची मादी भुकेली आहे, गाभण आहे, खाऊ शोधते आहे. अँड्र्यूसार्कस कासवं मारतो. दोघांचं एकमेकांशी काही असू शकतं, यावर पस्तीस वर्षं माणसं डोकं फोडत होती, याचा पत्ताही लागत नाही. दोन महिन्यांत मालिका बदलता येत नाही हे मला समजतं. रिलीजच्या आदल्या दिवशी डिपेंडन्सी कोण अपडेट करतं? पण वाद तर आधीपासून होता. तो दाखवायला निकालाची गरज नव्हती.

मालिकेचा सगळा घाट निसर्गपटाचा आहे. केनेथ ब्रॅनाचा आवाज वर्तमानकाळात बोलतो: ती पोहते आहे, तो येतो आहे. जणू कॅमेरामन इओसीनमध्ये तंबू ठोकून बसला होता. हा घाट दोन वर्षांपूर्वी डायनोसोरांच्या मालिकेत यशस्वी झाला होता, आणि त्याची ताकद मी नाकारत नाही. तो नसता तर मी खुरांपाशी थांबले नसते. पण या घाटाला एक क्रियापद येत नाही. मराठीत आपल्याकडे ते किती सहज आहे: असावं. ‘त्याला खूर होते’ आणि ‘त्याला खूर असावेत’. एका शब्दाच्या फरकाने बोलणारा सांगतो की मी पाहिलेलं नाही, अंदाज करतोय, पण अंदाजाला कारण आहे. आजीच्या गोष्टींत हे ‘असावं’ असायचं, शेजारणींच्या कुजबुजीत तर असतंच. कोट्यवधी रुपयांच्या मालिकेत नाही.

त्यामुळे होतं काय, की सगळे पुरावे एका मापाचे होतात. इजिप्तच्या वादी अल-हितान या वाळवंटात जुन्या देवमाशांचे शेकडो सांगाडे पडलेले आहेत. बॅसिलोसॉरस किती लांब, त्याच्या शेपटीजवळचे चिमुकले मागचे पाय कसे, हे आपण हाड मोजून सांगतो. अँड्र्यूसार्कस म्हणजे एक कवटी. पडद्यावर दोघांच्या अंगाला सारखंच पाणी लागतं, दोघांवर सारखंच ऊन पडतं. रेंडरिंग उत्तम असल्याची ही शिक्षा आहे. वाईट चित्र निदान आपण चित्र आहोत हे कबूल करतं.

हेही सांगायला हवं की मालिकेसोबत वेगळे भाग काढले गेले, ज्यांत संशोधक हाडं हातात घेऊन बोलतात. ते चांगले आहेत. आमच्या हॉस्टेलच्या फोल्डरमध्ये ते नव्हते. कुणी उतरवलेच नसावेत. (असावेत!)

आणखी एक गोष्ट मला खुपली, आणि ती खुपण्यात थोडा भाबडा अभिमान आहे हे मान्य करून सांगते. अँब्युलोसेटस १९९४ मध्ये थेविसन, हुसेन आणि आरिफ यांनी नोंदवला. त्याची हाडं पाकिस्तानातल्या काला चिट्टा डोंगरांतली. मालिकेत तो जर्मनीच्या मेसल तळ्यात पोहतो. मेसल ही अप्रतिम जागा आहे, तिथे जनावरांच्या पोटातलं अन्नसुद्धा जपलं गेलंय, म्हणून कथा तिथे घडवली आणि देवमाशालाही तिथेच नेलं. पण आरंभीच्या देवमाशांची गोष्ट जगात जर कुठे घडली असेल तर ती या आपल्या उपखंडाच्या कडेला, पंजाब, बलुचिस्तान, कच्छच्या पट्ट्यात. भारतीय भूभाग आशियाला येऊन भिडत होता, मधला समुद्र उथळ होत होता, त्या उथळ पाण्यात ही जनावरं उतरली. कच्छमधले देवमासे १९७५ मध्येच अशोक साहनी आणि मिश्रा यांनी नोंदवले होते. तिथला समुद्र, तिथला चिखल दाखवायचा सोडून त्यांना युरोपचा व्हिसा काढून देण्याची गरज नव्हती.

एका कवटीवरून शरीर बेतण्याचा धोका देवमासेवाल्यांनी स्वतःही भोगलेला आहे. १९८३ मध्ये ‘सायन्स’च्या मुखपृष्ठावर पाकिसेटस आला. तोवर हाती फक्त कवटीचे भाग होते. चित्रात तो पाण्यात माशामागे झेपावणारा, वल्ह्यासारख्या पायांचा. २००१ मध्ये बाकीची हाडं आली, तर निघाला लांडग्याएवढा, लांब सडपातळ पायांवर चालणारा प्राणी. मुखपृष्ठ जुनं झालं, कुणी लपवलं नाही. आज ते दोन्ही चित्रं शेजारी ठेवून शिकवतात, आणि मला वाटतं ती जोडी कुठल्याही एका चित्रापेक्षा जास्त शिकवते.

मालिकेनंतरचा एक प्रसंग इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो कुणी चित्रित करायला हवा होता. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून हाडं गोळा केली आणि १९७१ मध्ये एका छोट्या समखुरी जनावराला इंडोह्यूस हे नाव दिलं. त्यांनी आणलेले कितीतरी दगड मात्र न फोडताच राहिले. राव गेले. दगड डेहराडूनला घरात पडून होते. पुढे त्यांच्या पत्नीने ते थेविसन यांच्या हवाली केले. दगडातून कवटी मोकळी करताना कानाजवळचं हाड तुटलं, आणि आत दिसली ती जाड कड, जी तोवर फक्त देवमाशांच्या कानात माहीत होती. २००७ मध्ये थेविसन, सुनील बाजपेयी, बी. एन. तिवारी आणि सहकाऱ्यांनी ते ‘नेचर’मध्ये छापलं: मांजराएवढं, हरणासारखं, जड हाडांचं, पाण्यात वावरणारं जनावर, देवमाशांचं सगळ्यात जवळचं भावंड. घरातल्या दगडांत तीसेक वर्षं उत्तर बसून होतं, आणि बाहेर जग खुरांच्या लांडग्यावर वाद घालत होतं.

म्हणजे मेसोनिकिडांकडून वारसाहक्क कायमचा गेला. आणि इथे माझा दुसरा राग सुरू होतो, तो मालिकेवर नाही, आपल्या सगळ्या लोकप्रिय विज्ञानलेखनावर आहे. २००१ नंतर हे कुळ पुस्तकांतून बाहेर पडलं असं नाही. ते तळटीपेत गेलं. ‘पूर्वी असं मानत असत, पण’ या वाक्याच्या पूर्वार्धात. जोवर देवमाशाचे आजोबा होते तोवर त्यांना प्रकरण होतं, नातं तुटल्यावर ते नुसतं चुकीचं उत्तर झाले. कुणाचा तरी पूर्वज असणं हीच जर एखाद्या जनावराची किंमत असेल, तर नि:संतान गेलेल्यांचं काय करायचं? तीन कोटी वर्षं म्हणजे माणूस नावाच्या प्रकाराला अजून कित्येक पटींनी जगावं लागेल असा काळ. आपल्या घरांतही हे चालतं. ज्या आत्याला मूलबाळ नव्हतं तिचं नाव वंशावळीच्या तक्त्यात कुठे लिहायचं हे कुणाला सुचत नाही, आणि मग ते लिहिलंच जात नाही.

मेसोनिकिडांची स्वतःची अशी गोष्ट आहे. वायोमिंगच्या बिगहॉर्न खोऱ्यातून पॅकिएनाचा सांगाडा मिळालेला आहे, पायांसकट. त्याचा अभ्यास ओ’लिअरी आणि रोझ यांनी १९९५ मध्ये छापला. ते पाय धावायच्या दिशेने निघालेले आहेत, पण आजच्या लांडग्याचे नाहीत. जडसर अंगाचं, मोठ्या डोक्याचं, हाडं फोडायला तयार जनावर. कात्रीचे दात नसताना, गादीचे पाय नसताना, दुसऱ्याच सामग्रीतून शिकाऱ्याची जागा कशी भरली, हा प्रश्न देवमाशांशिवायही पुरेसा मोठा आहे. ते नेमके कोणाचे नातेवाईक हे अजून ठरलेलं नाही. समखुरींच्या जवळपास कुठेतरी, असं काही म्हणतात, काही आणखी दूर नेतात. त्याच काळात ऑक्सिएनिड, हायनोडॉन्ट ही आणखी दोन मंडळी, वेगवेगळ्या दाढांची कात्री करून, तोच धंदा करत होती, आणि कोपऱ्यात आजच्या कुत्र्या-मांजरांचे चिमुकले पूर्वज झाडांवर वाट बघत होते. चार दुकानं, एकच गिऱ्हाईक. ही मालिका मी बघेन. तिच्यात अँड्र्यूसार्कसची फक्त कवटी दाखवा, हळू कॅमेरा फिरवा, आणि बाकीचं शरीर धूसर ठेवा. भीती तरीही वाटेल. ८३ सेंटिमीटर म्हणजे साधारण माझ्या टेबलाची रुंदी आहे.

टेबलावरून आठवलं. गेल्या महिन्यात घरी गेले होते. रविवारी बाबांबरोबर मटण आणायला गेले आणि खाटकाकडे बोकडाच्या मागच्या पायाचा घोटा मागितला, न फोडता. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी खांदे उडवले. घरी आणून उकडला, साफ केला, तर आत अगदी पुस्तकातल्यासारखं ते हाड: वर कप्पी, खाली कप्पी, बोटात धरून दोन्हीकडे फिरतं. बलुचिस्तानात गिंजरिच यांच्या हाती आलं तेच, फक्त पावणेपाच कोटी वर्षांनी ताजं. मी ते धुऊन लॅपटॉपशेजारी ठेवलं. आई चहा घेऊन आली, तिने बघितलं आणि म्हणाली, “अगं, ते हाड उचल आधी तिथून. मुंग्या लागतील.”